रिपोर्टवरचा विषाणू आणि सव्वीस वर्षांचा संसार

वाचकांचे पत्र

डॉक्टर, सातारा जिल्ह्यातून लिहिते आहे. माझे मिस्टर ५३ वर्षांचे आहेत, सहकारी बँकेत नोकरीला. घरात वारकरी वळण, गळ्यात तुळशीची माळ. तंबाखू, दारू, विडी कशाकशाला कधी हात लावला नाही. दिवाळीच्या सुमारास दाढी करताना त्यांच्या मानेला उजव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. टीबीची असेल म्हणून दोन महिने गोळ्या झाल्या, गाठ तेवढीच राहिली. मग बायोप्सी केली आणि टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर 'पी-१६ पॉझिटिव्ह' असं आहे. तिथले छोटे डॉक्टर म्हणाले, "हा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, चांगला प्रकार आहे." मुलाने मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि फोन पालथा घालून उठून गेला. मग रात्री मीही वाचलं. हा आजार शरीरसंबंधातून येतो म्हणे. तेव्हापासून मला झोप नाही. आमचा संसार २६ वर्षांचा. त्यांना विचारू का? काय विचारू? सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली आहे. मुलगी २२ वर्षांची, मुलगा १७ चा. आम्हाला होईल का? लस असते म्हणतात, ती घ्यावी का? पुढच्या आठवड्यात लाईट सुरू होणार आहेत.

उत्तर

ताई, लस, ताट-वाटी, लाईट म्हणजे किरणोपचार, या सगळ्यांवर बोलू. पण तुमची झोप ज्या प्रश्नाने उडाली आहे तो आधी घेते. बाकीचं तोवर तुम्हाला ऐकूच येणार नाही.

तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टवरून ते तुमच्याशी कधी प्रतारणेने वागले की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही. मला नाही, ज्यांनी बायोप्सी वाचली त्यांना नाही, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला नाही. तुमची समजूत काढावी म्हणून हे लिहीत नाही. हा विषाणू वागतोच असा.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजे एचपीव्ही हे एक मोठं घराणं आहे. त्यात दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायाला उठणारी साधी चामखीळ याच घराण्यातली. त्यातले काही मोजके प्रकार कॅन्सर करू शकतात, आणि घशाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्यांतला एकच, १६ नंबरचा. शरीरसंबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला आयुष्यात कधी ना कधी यातला एखादा तरी प्रकार गाठतो. अंगावर काही उठत नाही, ताप येत नाही, कळतही नाही. बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या शरीरात मात्र तो राहून जातो, का ते त्या माणसाच्या हातात नसतं. अमेरिकेत २००९-१० साली हजारो लोकांच्या गुळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे सात टक्के लोकांच्या तोंडात एचपीव्ही सापडला आणि १६ नंबरचा सुमारे एक टक्का लोकांत. पुरुषांत हे प्रमाण बायकांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्या सगळ्यांना कॅन्सर झाला नाही. फार थोड्यांना होतो.

आता वेळेचा हिशेब बघा, कारण तुमची शंका सगळी त्यावरच उभी आहे. संसर्ग आणि कॅन्सर यांच्यात वर्षं जातात, बहुधा दोन-तीन दशकं. युरोपात लोकांचं रक्त वर्षानुवर्षं साठवून ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या ज्यांना पुढे घशाचा कॅन्सर झाला, त्यांचं जुनं रक्त काढून तपासलं तेव्हा कित्येकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निदानाच्या दहा-दहा वर्षं आधीपासून होती. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे दिवाळीत हाताला लागलेल्या गाठीची सुरुवात तुमच्या लग्नाआधीची असू शकते, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची असू शकते, तुमच्या दोघांमधलीच असू शकते. घशापर्यंत तो मुख्यतः मुखमैथुनातून पोचतो. हा शब्द आपल्याकडे कुणी उच्चारत नाही, म्हणून मी लिहिते, कारण तुम्ही तो रात्री एकटीने मोबाईलवर वाचला आहे. नवरा-बायकोतही तो असतो आणि त्यात वावगं काही नाही. चुंबनातूनही काही वेळा पोचत असावा असं अभ्यासकांना वाटतं. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या माणसालाही हा आजार झालेला आहे. एक गोष्ट आणखी, जी पुरुष कधीच बोलत नाहीत. लहानपणी किंवा कोवळ्या वयात आलेला असा प्रसंग त्या माणसाच्या इच्छेने घडलेला असेलच असंही नसतं.

विषाणूवर तारीख नसते, ताई, आणि नावही नसतं.

हे इतकं ठासून लिहिण्यामागे माझं एक जुनं ओझं आहे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी नव्याने प्रॅक्टिस सुरू केली होती. एक एसटीचे निवृत्त चालक आले, मानेला गाठ, टॉन्सिल एका बाजूने सुजलेलं. त्यांचा मुलगा बरोबर होता. मी विचारलं, तंबाखू खाता? नाही म्हणाले. विडी? नाही. मी पुन्हा विचारलं. आणि तिसऱ्यांदा, मुलाच्या देखत, आवाज जरा चढवून मी म्हणाले, "खरं सांगितलंत तरच उपचार नीट होतील." त्या माणसाने मान खाली घातली आणि गप्प बसले. मला वाटलं, पकडलं. मुलालाही तेच वाटलं असणार. घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू, हे मला शिकवलेलं होतं आणि ते आपल्याकडे बहुतेक वेळा खरंही असतं. टॉन्सिलच्या कॅन्सरमागे हा विषाणू असतो हे ठामपणे मांडणारे मोठे अभ्यास २००० सालानंतर पुढे आले. ते वाचताना मला ते चालक आठवले. तोवर ते गेले होते. त्यांचा आजार विषाणूचाच होता का, हे आता ठरवता येणार नाही, तपासणीच झाली नव्हती. पण मी त्यांना आजाराबरोबर एक आरोपही देऊन घरी पाठवलं, हे मात्र ठरलेलं आहे.

तेव्हा संशय तंबाखूचा होता. आता तो चारित्र्याचा झाला आहे. आजाऱ्याला आधी आरोपी करायचं, ही आपली खोड तीच राहिली. तुमच्या गल्लीत "माळकरी असून गुपचूप खात असेल" असंही कुणीतरी म्हणालं असेल. त्यांना उत्तर देत बसू नका.

मग त्यांना विचारू का? तुमचा हा प्रश्न मी टाळणार नाही. माझं मत असं: पुढचे सात आठवडे विचारू नका. तुम्हाला तो हक्क नाही म्हणून नव्हे. आत्ता त्यांनी काहीही उत्तर दिलं तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही. "नाही" म्हणाले तर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण मोबाईल वेगळं सांगतो. "लग्नाआधी एकदा" म्हणाले तर तुम्ही दोघं त्या एका वाक्याशी झुंजत बसाल आणि उपचार बाजूला राहतील. मात्र जे वाटतंय ते गिळूनही टाकू नका. "मी हे वाचलंय आणि मला भीती वाटतेय" एवढं त्यांना सांगा. त्यांनीही ते वाचलेलं असणार. तुम्ही काही विचारत नाही म्हणून तेही रात्री जागे असतील. कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यांत समुपदेशक किंवा समाजसेवा विभाग असतो, तिथे दोघं एकत्र जाऊन बसा. उपचार संपल्यावरही तो प्रश्न मनात तसाच असेल तर तेव्हा विचारा, सावकाश, दोघंच असताना.

आता रिपोर्टवरचा तो 'पी-१६' काय आहे ते सांगते.

टॉन्सिल वरून गुळगुळीत दिसतं, पण आत खोल खोल खाचा असतात. जिभेच्या अगदी मागच्या बाजूला, मुळाशी, तसंच असतं. बाहेरून येणारे जंतू पकडून शरीराला ओळख पटवून द्यायची म्हणून ही रचना. त्या खाचांच्या तळाशी अस्तर विरळ असतं, आणि १६ नंबरचा विषाणू तिथेच शिरतो. म्हणून तो गालात किंवा हिरडीत कॅन्सर क्वचित करतो आणि टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी जास्त. आपल्याकडचा तंबाखूचा कॅन्सर बघा, जिथे गोळी धरतात तिथे, गालाच्या आत, हिरडीशी होतो. जागाच वेगळी.

पेशीत शिरल्यावर हा विषाणू दोन प्रथिनं तयार करवून घेतो. एक प्रथिन पेशीतल्या पहारेकऱ्याला संपवतं, बिघडलेल्या पेशीला थांबवणारा जो असतो त्याला. दुसरं ब्रेकची तारच तोडतं. पेशी वाढत सुटते, मग ती बिचारी कचकचून ब्रेक दाबत राहते, पण तार तुटलेली, गाडी थांबत नाही. तो वायफळ दाबलेला ब्रेक म्हणजे पी-१६ नावाचं प्रथिन. ते पेशीत साठून राहतं आणि बायोप्सीच्या तुकड्यावर विशिष्ट रंग टाकला की दिसतं. टॉन्सिलच्या गाठीत पी-१६ भरपूर दिसलं म्हणजे मागे एचपीव्ही असण्याची शक्यता फार मोठी. शंका असेल तर प्रत्यक्ष विषाणू शोधणारी वेगळी तपासणीही करता येते. हाच विषाणू गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे आहे हे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाऊझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

मोबाईलवर तुम्हाला एबस्टाईन-बार हेही नाव दिसलं असेल. तो दुसरा विषाणू, आणि तो नाकाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरशी जोडलेला. आपल्या देशात तो आजार नागालँडकडे जास्त दिसतो. तुमच्या घरच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, तेव्हा ते पान बंद करा.

टीबीच्या गोळ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण तिथे थांबलं पाहिजे, कारण हे पत्र इतरही वाचतील. या आजाराची पहिली खूण घसा दुखणंच असते असं नाही. कितीतरी वेळा ती मानेतली न दुखणारी गाठच असते. टॉन्सिलमधली मूळ गाठ बारीक, आत लपलेली, आणि मानेत उतरलेली मोठी. कधी त्या गाठीत पाणी असतं, सोनोग्राफीत ती साधी वाटते. आपल्या देशात मानेतली गाठ म्हटलं की टीबी आधी आठवतो, आणि टीबी खरोखरच खूप आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो येणं चूक नाही. सुई न घालता गोळ्या सुरू करणं ही चूक. चाळिशीच्या पुढच्या माणसाला मानेत गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघावा आणि गाठीत सुई घालून तपासणी व्हावी, मग औषधं. एका बाजूचंच टॉन्सिल मोठं होणं, गिळताना सतत काही अडकल्यासारखं वाटणं, घसा ठीक दिसूनही एकाच कानात ठणका लागणं, थुंकीतून रक्त येणं, यांनाही तोच नियम. तुमचे दोन महिने गेले, त्याची रुखरुख आता मनात धरू नका. टॉन्सिलच्या या प्रकारात गाठी मानेत उतरलेल्या असूनही उपचार चांगले लागू पडतात.

त्यावरूनच 'चांगला प्रकार' या शब्दांबद्दल. कॅन्सरला चांगला म्हणणं तुम्हाला टोचलं असेल. त्या डॉक्टरांना म्हणायचं होतं ते असं: विषाणूमुळे झालेला टॉन्सिलचा कॅन्सर किरणांना आणि केमोला तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा जास्त दाद देतो. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांनंतर तीन वर्षांनी विषाणूच्या गटातले सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते, विषाणू नसलेल्या गटातले सुमारे ५७ टक्के. फरक इतका मोठा की पुढे या आजाराचे टप्पे मोजायची पद्धतच जगभर वेगळी करावी लागली. त्यामुळे तुमच्या कागदावर टप्पा कमी लिहिलेला असेल आणि ओळखीतल्या कुणाच्या, तितक्याच गाठी असलेल्या माणसाच्या कागदावर जास्त, तर गोंधळू नका. त्याच अभ्यासात एक गोष्ट फार ठळक दिसली. विषाणूचा आजार असूनही जे वर्षानुवर्षं सिगारेट ओढत होते त्यांचा निकाल खाली आला. तुमच्या मिस्टरांचं निर्व्यसनी असणं त्यांना आजारापासून वाचवू शकलं नाही, पण आता उपचारात ते त्यांच्या बाजूने उभं राहणार आहे.

मात्र चांगला प्रकार आहे म्हणून उपचार कमी करा, असं कुणी नातेवाईक सुचवेल, तर ऐकू नका. हा विचार शास्त्रज्ञांनीही केला होता. सिस्प्लॅटिन हे कडक केमोचं औषध टाळून त्याऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध दिलं तर त्रास वाचेल, या आशेने मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ साली त्यांतल्या दोन चाचण्यांचे निकाल आले आणि सिस्प्लॅटिन बदललेल्या गटात जास्त लोक दगावले. म्हणून ज्यांना सिस्प्लॅटिन झेपतं त्यांना तेच देतात. काहींना तोंडातून रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करतात. तुमच्या डॉक्टरांनी लाईट आणि केमो ठरवलं असेल तर ते ठरलेल्या पद्धतीतलंच आहे. साधारण सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, एकूण पस्तीस वेळा.

या सात आठवड्यांबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण इथे तुमच्या हातात खूप काही आहे.

सगळ्यात आधी दात. लाईट सुरू होण्याआधी दंतवैद्यांनी दात बघितलेच पाहिजेत. किडलेला, हलणारा दात आधी काढला तर हिरडी भरायला दोन-तीन आठवडे मिळावे लागतात. लाईटनंतर जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते आणि मग दात काढला तर हाड उघडं पडून चिघळतं. तुमचे लाईट पुढच्या आठवड्यात आहेत आणि दात तपासले असं पत्रात कुठे नाही. उद्याच फोन करून विचारा. त्यासाठी लाईट आठवडाभर पुढे गेले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतील. एकदा सुरू झाल्यावर मात्र मध्ये खाडा नको. सण आला, गावी कार्य निघालं, अशक्तपणा वाटतोय, यासाठी लाईट चुकवायचे नाहीत. मध्ये पडलेल्या खंडाने आजाराला पुन्हा वाढायला फुरसत मिळते. गाडीचं, राहायचं, बँकेतल्या रजेचं आधीच ठरवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. तुमच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसत असतील तर कागदपत्रं घेऊन त्यांना आताच भेटा.

पहिले दोन आठवडे फारसं काही होत नाही आणि माणसाला वाटतं, एवढंच का? तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते, थुंकी चिकट दोरीसारखी होते. पाण्याचा घोटही टोचतो. शेवटचे दोन आठवडे आणि संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात कठीण. हे होणार आहे हे दोघांनाही आधी माहीत असू द्या, म्हणजे "आजार वाढला" म्हणून कुणी घाबरणार नाही. कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या. बाजारातलं झणझणीत माउथवॉश नको. मिरची, आंबट, शेव-चिवड्यासारखं कोरडं बंद. नाचणीची आंबील, भाताची मऊ पेज तूप घालून, मुगाचं घट्ट वरण, ताक नको पण दूध-साय चालेल, गाळलेली खीर, मऊ उपमा. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. आठवड्याला दोन किलो उतरलं तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा. ते नाकातून नळी सुचवतील. आपल्याकडे नळी म्हणजे शेवट आला असं समजतात. तसं मुळीच नाही. नळी महिना-दीड महिन्यासाठी असते, आणि तिच्यामुळे उपचार पूर्ण होतात.

नळी असली तरी रोज थोडं पाणी, थोडी पेज तोंडाने गिळत राहायला सांगा. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते आखडतात आणि पुढे महिनोन् महिने त्रास होतो. गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम असतात, ते लाईट सुरू व्हायच्या आधीपासून शिकून घ्यायचे. सिस्प्लॅटिनने कानात गुंईं आवाज आला, ऐकू कमी आलं, तर लगेच सांगायचं. पुढच्या काळात थायरॉइड मंद होऊ शकतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. तोंडाचा कोरडेपणा बराच काळ राहतो, पाण्याची बाटली त्यांची कायमची सोबतीण होणार. लाईट संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी पेट-सीटी स्कॅन करतात. त्याआधी मानेतली गाठ पूर्ण गेली नाही असं हाताला वाटलं तरी हवालदिल होऊ नका, ती सावकाश विरते.

आता ताट-वाटी. सासूबाईंनी जे केलं ते करोनाच्या काळात आपण सगळ्यांनीच शिकलो होतो. विषाणू म्हटलं की वेगळं ताट. त्यांना सांगा, हा विषाणू तसा नाही. उष्टं खाल्ल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, टॉवेलने, शेजारी झोपल्याने, नातवंडाची पापी घेतल्याने हा कॅन्सर कुणाला होत नाही. कॅन्सर स्वतः तर कधीच एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तुमच्या स्वयंपाकघरात त्यांचं काहीही वेगळं ठेवायची गरज नाही. तोंड सोललेल्या माणसाला सगळ्यांपासून दूर, वेगळ्या ताटात जेवायला लावणं हे त्याच्या घशाखाली घास उतरू न देण्यासारखंच आहे.

तुम्हा दोघांच्या जवळिकीबद्दलही तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. इतकी वर्षं एकत्र असलेल्या नवरा-बायकोत जी देवाणघेवाण व्हायची ती केव्हाच होऊन गेलेली असते आणि तुमच्या शरीराने तो विषाणू बहुधा कधीच परतवलेला असतो. अशा रुग्णांच्या बायकांच्या तोंडाची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात विषाणूचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. म्हणून दूर राहायचं कारण नाही. तुमच्या घशासाठी वेगळी चाचणी करायची गरज नाही, तशी भरवशाची चाचणी उपलब्धही नाही. एक काम मात्र कराच. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. तिशीनंतर प्रत्येक बाईने ती करायची असते आणि आपण पुढे ढकलत राहतो. ग्रामीण रुग्णालयातही होते, पाच मिनिटांचं काम आहे.

लस. मुलगी २२, मुलगा १७, दोघांनाही द्या. वडिलांच्या आजारामुळे त्यांना धोका वाढला आहे म्हणून नव्हे, हा आजार तसा वारशाने येत नाही. ज्या वयात द्यायची त्या वयात ती आहेत म्हणून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली, ती ९ ते २६ वयात मुलगे आणि मुली दोघांनाही देता येते. तीत १६ नंबरचा प्रकार आहेच. पंधरा वर्षांच्या पुढे आपल्याकडे तीन डोस देतात, पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्याहून लहान मुलांना दोनच पुरतात. परदेशी नऊ प्रकारांवरची गार्डासिल-९ ही लसही मिळते, महाग आहे. घशाच्या कॅन्सरसाठी लसीचा फायदा किती, हे पूर्ण दिसायला आणखी काही दशकं जातील, कारण आजारच इतका उशिरा येतो. पण लस घेतलेल्यांच्या तोंडात हा विषाणू फार कमी सापडतो, एवढं दिसलेलं आहे, आणि अमेरिकेत २०२० साली या उपयोगासाठीही गार्डासिल-९ ला मान्यता मिळाली. मिस्टरांना लस देऊन त्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांच्यासाठी तो खर्च करू नका. मुलाला लस देताना "मुलग्याला कशाला, ती तर बायकांची लस" असं कुणी म्हणेल. अमेरिकेत घशाच्या या भागातल्या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्के आता एचपीव्हीमुळे होतात आणि रुग्णांत पुरुष कित्येक पटींनी जास्त आहेत. आपल्याकडे हे प्रमाण बरंच कमी आहे, इथे तंबाखू, सुपारी आणि दारूच पुढे आहेत, आणि माझ्या ओपीडीतली बाकं त्यांनीच भरतात. हे मुद्दाम लिहिते. तुमचं पत्र वाचून "बघा, न खाणाऱ्यालाही होतो" असं म्हणून कुणी पुडी फोडू नये.

तुमच्या मुलाने फोन पालथा घातला, ते वाचून मला गलबललं. सतरा वर्षांचं पोर, वडिलांबद्दल असं काही एकट्याने वाचतं आणि कुणाला विचारू शकत नाही. हा कागद त्याच्या हातात द्या. त्याला म्हणावं, तुला जे वाटलं ते मलाही वाटलं होतं. आणि लाईटला नेण्या-आणण्याचं काम त्याच्याकडे द्या, निदान काही दिवस. त्याला काहीतरी करायला हवं आहे.

एक शेवटची गोष्ट, जी तुम्हाला तिथे गेल्यावर एकदम कळू नये. लाईट देताना मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर आणि गळ्यावर घट्ट बसणारा जाळीचा साचा लावतात. त्याखाली माळ ठेवता येत नाही. साचा तयार करायच्या दिवशीच ती उतरवायला सांगतील, आणि पुढे रोज. ज्याने ती कधी काढली नाही त्याला तो क्षण सोपा जाणार नाही, आणि तंत्रज्ञाला घाई असते. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. पाहिजे तर महाराजांना किंवा ज्यांच्याकडून माळ घेतली त्यांना विचारून घ्या. आत जाण्यापूर्वी ती त्यांनी स्वतः काढून तुमच्या हातात द्यावी, आणि बाहेर आले की तुम्ही परत घालावी. रोज दहा-पंधरा मिनिटंच लागतात.